आत्या नाही म्हणाली

थोरला येणार हे कळल्यापासून अण्णांनी सुट्टीच्या दिवशीही एक खुर्ची विणायला घेतली होती. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या मांडीवर, टोचा हातात आणि मान खाली. मान खाली असली की कुणाशी बोलावं लागत नाही, हे आईला लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं. बापलेकांचं बोलणं थोरल्यानं बाजारात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं दुकान टाकलं तेव्हा बंद झालं. अगदी बंद म्हणता येणार नाही, निरोप जात-येत असत. 'त्याला म्हणावं, जेवून जा,' असं अण्णा म्हणत, आणि तो समोरच उभा असे.

आज मात्र त्याला बोलावणं भाग होतं. धाकट्या लेकीच्या, चिमणीच्या पोटातली वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, खाली आहे, पण पुष्कळदा वर सरकते, असं डॉक्टरीणबाई पाचव्या महिन्यात म्हणाल्या होत्या, आणि चिमणीनं ते काळ्या दगडावरची रेघ धरलं होतं. परवा पुन्हा सोनोग्राफी झाली. वार होती तिथंच होती, गर्भपिशवीच्या तोंडावर, आणि तीही नेमकी मागच्या ऑपरेशनच्या वणावर.

आईला त्याचं फारसं भय वाटलं नव्हतं. तिनं मागची खोली आधीच धुऊन घेतली होती. पलंग खिडकीखाली सरकवला होता, जुनी मऊ चादर काढून ठेवली होती. थोरला त्या खोलीत जन्मला, चिमणी त्याच खोलीत जन्मली, आणि दोन्ही वेळा आत्याच्या हातावर. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. प्रसूतिगृहात सुईण म्हणून तिचा उभा जन्म गेला, लग्न तिनं केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर ती भावाच्या माडीवर राहायला आली. गल्लीतली निम्मी माणसं तिला पाहून अजून बिडी लपवतात, कारण त्यांच्या जन्माच्या वेळचा त्यांचा अवतार तिनं पाहिलेला आहे, असं थोरला म्हणायचा. अशी नणंद घरात असताना लेकीला परक्यांच्या हवाली कशाला करायचं, हा आईचा सरळ हिशेब होता.

शिवाय मागच्या वेळचं ती विसरली नव्हती. पहिल्या बाळंतपणाला चिमणी तिकडे, सासरच्या गावातल्या दवाखान्यात गेली. पोट फाडून मुलगी झाली. मुलगी गुटगुटीत, आईही ठणठणीत, असं सगळे म्हणाले. पण घरी आलेली चिमणी लुटून आणल्यासारखी होती. पोरीला पाजायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, काही नाही. त्या 'काही नाही'चा आईनं पुरा धसका घेतला होता.

दुपारी सगळे घराला लागून असलेल्या अण्णांच्या वेताच्या कारखान्यात लांब टेबलाभोवती बसले. विणायच्या चौकटी भिंतीला उभ्या केल्या होत्या, कोपऱ्यात वेत भिजवायची टाकी होती आणि तिचा तो ओला, गवताळ वास सगळीकडे होता. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा माणूस, आणि जे बोलायचा ते एकेक मजला उतरत आल्यासारखं, क्रमानं. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, जिथं रक्तपेढी आहे आणि भूल देणारा माणूस कधीही मिळतो. दिवस भरायच्या थोडं आधी तारीख ठरवून ऑपरेशन करतील. तोवर राहणं दवाखान्याजवळ असावं. रक्त जायला लागलं तर वाट बघायची नाही. दुखत नसलं तरी नाही.

"आणि वार त्या वणात रुतलेली असली, तर सुटताना फार रक्त जातं," तो म्हणाला. मग थांबला. पुढचा मजला त्याला उतरवेना.

चिमणीनं सगळं ऐकून घेतलं. तिचे हात पोटावर होते. ती म्हणाली की तिनंही तिथंच बसून हे ऐकलं आहे, ती बहिरी नाही. पण 'असली तर' आणि 'नसली तर' हे तिनं मागच्या वेळीही खूप ऐकलं होतं.

"मी मागच्या खोलीत बाळंत होणार," ती म्हणाली. "आत्याच्या हातावर. मला दुसरं कुणी नको."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर तर आधीच समाधान होतं.

"नाही," आत्या म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. चहा हवा का विचारल्यावर म्हणावं तसं ती म्हणाली. आईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं विचारलं, नाही म्हणजे काय? आत्यानं कप खाली ठेवला. नाही म्हणजे नाही, ती म्हणाली. साधं बाळंतपण असतं तरी आता या वयात तिनं दहादा विचार केला असता, आणि हे साधं नाही. हिच्या बाबतीत सुईणीच्या हातात काही राहत नाही. लागेल ते रक्त लागेल, कापणारा हात लागेल, आणि तो क्षणात लागेल.

"माझी दोन्ही पोरं तुझ्या भरवशावर झाली," आई म्हणाली. "तेव्हा कुठं रक्तपेढी होती?"

"तुझी वार जागेवर होती, वहिनी. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता."

चिमणी उठली. खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. तिच्या मागं जावं की नाही हे जावयाला ठरवता येईना. तो अर्धा उठून पुन्हा बसला.

आता खरं तर अण्णांचं मत आत्याच्या बाजूचं होतं. बहिणीच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. पण तेवढ्यात थोरला म्हणाला की आत्याचं बरोबर आहे, यात चर्चा करण्यासारखं काही नाही. अण्णांचा टोचा थबकला. खुर्चीकडे बघतच ते म्हणाले की चर्चा करायची की नाही हे या घरात कोण ठरवतं, ते कुणीतरी त्याला सांगावं. घराला खोल्या आहेत, माणसं आहेत. लेकीला दाराबाहेर काढायची एवढी घाई का? आईनं लगेच त्यांना दुजोरा दिला. क्षणापूर्वी एकटी पडलेली आई आता अण्णांच्या बाजूला होती, म्हणजे खरं तर अण्णा तिच्या बाजूला आले होते, आणि ते कशामुळे हे तिला कळत असूनही तिनं ते पदरात पाडून घेतलं.

थोरल्याची बायको इतका वेळ गप्प होती. या घरात तिनं फार बोलायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण प्लॅस्टिकच्या दुकानाचं खापर आपल्याही डोक्यावर आहे हे ती जाणून होती. ती सासूकडे पाहत राहिली. तिला दिसलं ते असं, की सासूबाई दवाखान्याला भीत नाहीत. त्या भितात ते मागची खोली रिकामी राहील याला. लेकीचं हे शेवटचं करणं, आणि तेही हातातून चाललंय.

"आमचं घर मोठ्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत आहे," ती म्हणाली. "रस्त्याकडेची खोली आम्ही रिकामी करू. आई, तुम्हीही चला. माझ्या स्वयंपाकघरात हुकूम तुमचाच."

आईनं तिच्याकडे न बघता सांगितलं की तिच्या घरातल्या सुरीनं लोणीही कापलं जात नाही.

"मग येताना तुमची घेऊन या."

जावई हसला. मग चुकलंच की काय अशा नजरेनं सगळ्यांकडे बघू लागला. आई हसली नाही, पण सुरीचा विषय निघाला म्हणजे निम्मं सामान बांधून झालं, हे थोरल्याच्या बायकोनं, चिमणीच्या वहिनीनं ओळखलं.

अंगणात चिमणी पायरीवर बसली होती. भिंतीला टेकवून वेताच्या मोळ्या वाळत ठेवल्या होत्या. आत्या येऊन शेजारी बसली तेव्हा तिनं पाहिलं नाही. आत्यानंही काही समजूत घातली नाही. जन्मभर कळा देणाऱ्या बायांच्या उशाशी बसलेल्या माणसाला गप्प बसणं येतं.

"तू मला नको म्हणालीस," चिमणी शेवटी म्हणाली.

"तुला नाही. खोलीला नको म्हणाले."

मग चिमणीनं सांगितलं. चार वर्षांत प्रथमच. कळा सुरू होत्या तेव्हा कुणीतरी आत आलं, पोटाला यंत्र लावलं, काहीतरी पुटपुटलं आणि धावत गेलं. मग बरीच माणसं आली. तिनं विचारलं काय झालं, बाळ आहे ना? कुणी उत्तर दिलं नाही. एकीनं सांगितलं, बाई, ओरडू नका, आत्ता वेळ नाही. तिला वाटलं बाळ गेलं. भूल चढेपर्यंत तिला हेच वाटत होतं, की बाळ गेलंय आणि हे सगळे आपल्यापासून लपवताहेत. शुद्धीवर आल्यावर शेजारी मुलगी होती, पण ती आपलीच आहे यावर विश्वास बसायला तिला कित्येक महिने लागले. हे कुणाला सांगणार? मुलगी जिवंत असताना आपण रडतो कशाला, असंच कुणीही म्हणालं असतं.

आत्यानं तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली की त्यांनी बाळ वाचवलं हे खरं, आणि तिला सांगितलं नाही हेही खरं. एक खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही.

"मी अशी वार पाहिलेली आहे, चिमणे. बाईला दुखत नव्हतं. ती माझ्याशी बोलत होती, केस विंचरत होती. रक्त सुरू झालं आणि गाडी येऊन तिला न्यावं इतकाही वेळ तिनं दिला नाही. माझ्याकडून काहीच चुकलं नव्हतं. सगळं बरोबर करूनही ती गेली. म्हणून म्हणते, माझ्या हातावर एवढा भरवसा टाकू नकोस."

मोळ्यांतून पाणी ठिबकत होतं. पोटात बाळानं कूस बदलली, आणि चिमणीनं नकळत आत्याचा तळवा तिथं नेऊन ठेवला.

"मला पुन्हा तिथं एकटीनं आडवं व्हायचं नाही," ती म्हणाली.

"एकटी कशाला? आपण आधी जाऊ. कोण कापणार, कोण भूल देणार, त्यांची तोंडं बघू. तुला काय सांगायला हवं ते त्यांना सांगू. मी येते. आत येऊ देतील तिथवर आत येईन. हट्ट सोड असं मी म्हणत नाही. हट्ट कर, पण तिथं जाऊन कर."

दोघी आत आल्या. चिमणीनं वहिनीकडे बघून विचारलं की खोलीत तिच्या मुलीलाही जागा होईल का. एवढंच. आईनं डोळे पुसले आणि लगेच कप गोळा करायला लागली.

राहिले अण्णा. त्यांनी पट्टीचं टोक भोकातून ओढून ताणलं, खुंटी ठोकली.

"त्याला विचारा, खोलीला खिडकी आहे का?"

थोरला हातभर अंतरावर होता. "अण्णांना सांग, दोन आहेत," तो आईला म्हणाला.

आठवा महिना लागता लागता चिमणी भावाकडे राहायला गेली. आई सुरी घेऊन गेली. आत्या माडीवरून आपली एक पिशवी घेऊन उतरली आणि चिमणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिली. जावई कामावरून सुटला की संध्याकाळी तिकडेच येई. अण्णा कारखान्यात एकटे राहिले. दुपारी कुलूप लावून बसनं लेकाच्या गल्लीत येत, नातीला बाजारात फिरवून परत जात. दुकानावरून जाताना ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालत.

आत्या बोलल्याप्रमाणे चिमणीला दवाखान्यात घेऊन गेली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण बसल्या. चिमणीनं मागचं सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं, मान खाली घालून. बाईंनी विचारलं, आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं? चिमणी म्हणाली, काय चाललंय ते सांगा. वाईट असलं तरी. त्यांनी कबूल केलं. तिच्या अंगात रक्त कमी निघालं, म्हणून लोहाची औषधं शिरेतून देण्यात आली. ऑपरेशनसाठी रक्त राखून ठेवायचं ठरलं. वार रुतलेली निघाली आणि रक्त थांबलं नाही, तर गर्भपिशवी काढावी लागेल, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. चिमणीनं ते ऐकलं. परतताना तिनं रस्त्यात थांबून लेकीसाठी रंगीत खडू घेतले.

ठरलेली तारीख यायच्या आधीच एका दुपारी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. कुठं दुखलं नाही, कळ आली नाही. पायांना ओलं लागलं म्हणून तिनं पाहिलं, तर पलंगाची कड लाल झाली होती. पुढं तिनं स्वतःच सांगितलं, की तेव्हा पहिला विचार आला तो असा, की चादर वहिनीची आहे. दुसरा असा, की नवरा संध्याकाळी येईलच, तोवर आडवं व्हावं. दुखत तर नाहीये. मग तिनं आत्याला हाक मारली.

आत्या आली, तिनं एकदा पाहिलं आणि चिमणीला उठू दिलं नाही. वहिनीनं दुकानात फोन केला, मग जावयाला. थोरला गिऱ्हाईक तसंच सोडून माल पोचवायची गाडी घेऊन आला. मागं खुर्च्यांची चळत होती ती त्यानं रस्त्यावरच उतरवून टाकली. ते दवाखान्यात पोचले तेव्हा दारात माणसं उभी होती, कारण आत्यानं कळवून ठेवलं होतं. आत नेताना डॉक्टरीणबाई चिमणीच्या उशाशी वाकून चालत होत्या आणि बोलत होत्या. बाळाचे ठोके चांगले आहेत. रक्त जातंय, पण आपल्याकडे आहे. आता भूल देतील. आत्याला कपडे बदलून दारापर्यंत येऊ दिलं. तिथं चिमणीनं तिचा हात सोडला. तिनं स्वतःहून सोडला, हे आत्या नंतर सगळ्यांना आवर्जून सांगायची.

अण्णा बसमधून उतरून नेहमीसारखे गल्लीत आले तेव्हा त्यांना रस्त्यावर पडलेल्या खुर्च्या दिसल्या आणि त्या राखत उभी असलेली शेजारीण. ते दवाखान्यात पोचले तोवर आतून निरोप आला होता की आणखी रक्त लागेल, राखून ठेवलेलं पुरणार नाही, घरचं कुणी देऊ शकेल का? थोरला आणि जावई उठले. अण्णाही बाही दुमडत त्यांच्या मागोमाग गेले. रक्त घेणाऱ्या मुलीनं त्यांचं वय विचारलं आणि नम्रपणे नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. अण्णा उघड्या दंडानं तसेच उभे राहिले. शेजारच्या खाटेवर थोरला आडवा झाला होता, दंडाला पट्टा बांधलेला.

"माझ्या वाटचंही तूच दे," अण्णा म्हणाले.

ते थोरल्याला म्हणाले. मधे कुणी नव्हतं. ती मुलगी सांगत होती की एका वेळी एकाचंच देता येतं, काका, पण थोरला बापाकडे बघून मान हलवत होता, हो, देतो.

बाकावर आई बसली होती. तिच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला आत्या. मागची खोली, खिडकी, चादर यांतलं काही तिच्या मनात आलं नाही. ती आत्याचे हात बघत होती. मांडीवर उपडे ठेवलेले, जुने, निरुपयोगी हात. तिनं त्यांतला एक उचलून आपल्या हातात घेतला.

"तू नाही म्हणालीस तेव्हा मी मनात तुला फार बोलले," आई म्हणाली.

"मला ऐकू आलं," आत्या म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगा आहे, लहान आहे, काही दिवस उबेच्या पेटीत राहील, पण रडला आहे. वार वणात रुतलेली होती, सुटली नाही. गर्भपिशवी काढावी लागली. आई वाचली आहे. हे त्यांनी याच क्रमानं सांगितलं, आणि शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणाच्या चेहऱ्यावर ते पोचल्याचं दिसलं नाही.

आईचं म्हणणं पडलं की पिशवीचं चिमणीला इतक्यात सांगू नये. अशक्त आहे, धक्का बसेल, घरी गेल्यावर सांगता येईल. वहिनीलाही ते पटलं. थोरला म्हणाला, दोन दिवस तरी जाऊ द्या. सगळे एका बाजूला झाले. जावई उभाच होता.

"मी सांगणार," तो म्हणाला. "ती नीट जागी झाली की पहिलं तेच सांगणार. तुम्ही माझ्यावर रागवा."

कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत गेला आणि बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. चिमणी रडली, त्यानं सांगितलं, तोही रडला. मग तिनं विचारलं, अजून काही राहिलंय का सांगायचं? नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग मला बाळाकडे न्या.

बाळ पेटीतून बाहेर आलं, चिमणीला घरी सोडलं, तेव्हा सगळे पुन्हा थोरल्याच्या घरात जमले. आणि तिथं आत्यानं एक नियम घातला. तिचं म्हणणं असं, की बाळ आलं की घर बाळाचं होतं. जो येतो तो पाळण्यात डोकावतो. बाई मात्र बाळंत झाली म्हणजे सुटली असं समजतात, आणि पुष्कळ बाया जातात त्या नेमक्या यानंतर, सगळे पाळण्याशी असताना. म्हणून चिमणीजवळ जो बसेल त्यानं आधी तिला विचारायचं. रक्त किती जातंय, अंग तापलंय का, डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, पाय दुखतात का, मन कसं आहे. मग बाळ.

"दादा, तूसुद्धा," ती अण्णांना म्हणाली.

अण्णा जन्मभर बायकांचं बोलणं सुरू झालं की खोलीबाहेर जाणारे. त्यांनी मान हलवली आणि पुढचे काही दिवस दुपारी येऊन चिमणीजवळ बसले, पण विचारलं ते हवेचं, नातीच्या चित्रांचं, वेताच्या भावाचं. मग बाळाकडे बघत बसायचे. चिमणीला गंमत वाटायची. अण्णांच्या तोंडून असलं काही निघेल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

एका दुपारी आई आणि वहिनी नातीला घेऊन बाहेर गेल्या होत्या. आत्याला नुकतीच झोप लागली होती. बाळ दूध पिऊन शांत होतं. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी घसा साफ केला. पुन्हा एकदा केला.

"आत्यानं सांगितलंय म्हणून विचारतो," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "रक्त फार जातंय का?"

चिमणीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही, अण्णा. कमी आहे आता."

"डोकं?"

"नाही दुखत."

"डोळ्यांपुढं काही येतं?"

"नाही."

"आणि ते... टाके?"

ती हसायला गेली आणि टाक्यांपाशी कळ आली. हसू अर्ध्यात राहिलं. ती म्हणाली की तिथं कालपासून ठणकतंय, आणि सकाळपासून थोडी थंडी वाजते आहे. आत्याला सांगणारच होती, पण ती बिचारी आत्ताच कुठं आडवी झाली, आणि बाळही नीट प्यायलं, म्हणून म्हटलं राहू दे.

अण्णा उठले आणि त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. वेत ओढून ओढून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. त्या कातडीलाही तो चटका कळला. त्यांनी आत्याला उठवलं, थोरल्याला फोन लावला, आणि गाडी येईपर्यंत दारात उभे राहिले.

टाक्यांच्या आत पू धरायला सुरुवात झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत, आणखी थांबला असता तर हे रक्तात पसरलं असतं. चिमणीला पुन्हा काही दिवस दवाखान्यात ठेवलं, शिरेतून औषधं दिली, टाके थोडे मोकळे करून धुतले. बाळ तिच्या कुशीतच राहिलं. ताप उतरला. ती परत आली, मग सावकाश बरी झाली, आणि थंडीच्या सुरुवातीला दोन्ही पोरं घेऊन आपल्या घरी गेली.

अण्णांची सवय मात्र तशीच राहिली. रोज सकाळी कारखाना उघडला की ते फोन लावत. एकदा एक जुनं गिऱ्हाईक डोलखुर्ची दुरुस्तीला घेऊन आलं होतं आणि शेजारी चार माणसं बसली होती. पलीकडून चिमणी उत्साहानं सांगत होती की बाळ पालथं पडलं, मान धरतं, सगळ्यांकडे बघून हसतं. अण्णांनी मांडीवरच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या, गिऱ्हाइकाला हातानं थांबायची खूण केली.

"ते ऐकतो मी," ते म्हणाले. "आधी तुझं सांग."